भरलेल्या कोळसा खाणीवरचे पिझोमीटर दर फेरीला वेगळंच सांगतात? आधी हे तपासा

उमरेड किंवा कामठी पट्ट्यात कोळसा काढून झाल्यावर ओबी (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशाच्या वरून काढलेली माती-दगड) टाकून भरलेल्या खुल्या खाणी आहेत, तिथे ज्यांच्याकडे भूजल मॉनिटरिंगचं काम आहे त्यांना हा त्रास नवा नाही. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी अशा चार फेऱ्या होतात, आकडे एक्सेलमध्ये जातात आणि ग्राफ काढला की काही धड दिसत नाही. एका पिझोमीटरमध्ये, म्हणजे भूजलाची पातळी मोजायला बोअरमध्ये बसवलेल्या पाइपमध्ये, पाणी अर्धा मीटर चढलेलं, थोड्या अंतरावरच्या दुसऱ्यात जिथल्या तिथे, तिसऱ्यात उलट उतरलेलं. लॅबचा रिपोर्ट बघावा तर लोह या फेरीत ०.२, पुढच्या फेरीत ६, त्याच्या पुढे परत ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर, सल्फेटचंही तसंच. मग कोणी पाणी परत चढतंय म्हणजे ‘रिकव्हरी चांगली आहे’ असं लिहून मोकळं होतं, कोणी ‘पाणी बिघडतंय’ म्हणून घाबरतं, आणि पुढच्या फेरीला सगळं परत पहिल्यापासून.

माझं म्हणणं एवढंच आहे की यातल्या बऱ्याच उड्या पाण्याच्या नसतात, पाइपच्या, टेपच्या नाहीतर बाटलीच्या असतात, आणि त्या आधी बाजूला काढल्याशिवाय खाणीतलं पाणी सुधारतंय की बिघडतंय हे बोलूच नये. खाणीला लागून असलेल्या गावातल्या एका शेतकऱ्याने मला सरळ विचारलं होतं, ‘भाऊ, तुमच्या कागदावर पानी चढून राह्यलं, मंग माह्या विहिरीत काहून नाही येत?’ या प्रश्नाला ज्या डेटातून उत्तर देता येत नाही तो डेटा अजून कच्चा आहे असं मी समजतो, म्हणून त्याच्या विहिरीकडे शेवटी येतोच.

सुरुवात कॉलरपासून करा, म्हणजे केसिंगच्या (पिझोमीटरच्या पाइपच्या) वरच्या कडेपासून, जिथून आपण टेप सोडतो. भरलेली खाण आणि साधी जमीन यात मोठा फरक हा की भराव वर्षानुवर्षं बसत राहतो. ४० मीटर जाडीचा भराव फक्त १ टक्का बसला तरी ४० सेंटिमीटर झाले. आणि हा भराव सगळ्यात जास्त कधी बसतो तर खालून पाणी चढून तो पहिल्यांदा भिजतो तेव्हा, कारण कोरडे असताना एकमेकांवर टेकून राहिलेले शेलचे (थराथराच्या मऊ खडकाचे) आणि मातीचे ढेकळं भिजले की फुटतात आणि मधल्या पोकळ्या मिटतात. म्हणजे बघा, नेमकं ज्या काळात पाणी खरंच वर येतंय त्याच काळात तुमची कॉलरही खाली जातेय, आणि टेपवर दोन्ही गोष्टी एकाच दिशेने दिसतात, ‘पाण्यापर्यंतची खोली कमी झाली’ अशा. चाळीस सेंटिमीटरची रिकव्हरी लिहिली जाते आणि त्यातला मोठा हिस्सा पाइप खचल्याचा असतो.

हे ओळखायचं कसं? पिझोमीटरपाशी खाली बसून सिमेंटच्या ओट्याकडे नीट बघा. केसिंग खाली पक्क्या खडकात रोवलेली असेल तर ती जागेवर राहते आणि जमीन तिच्याभोवती उतरते, मग ओट्याखाली फट पडलेली दिसते, कधी पूर्ण बोट आत जातं, पावसाची माती त्यात वाहून गेलेली असते, आणि ओट्यावर पाइपभोवती गोल तडा गेलेला असतो. अशा ठिकाणी जमिनीपासून कॉलरची उंची दर फेरीला मोजून लिहिली असेल तर ती वाढत गेलेली दिसेल. पण केसिंग भरावातच संपत असेल तर ती भरावाबरोबरच खाली जाते, ओटाही जातो, उंची तेवढीच राहते आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून उंची बदलली नाही हा पुरावा धरू नका. वर्षातून एकदा, आणि पाणी जोरात चढत असेल तर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, ऑटो लेव्हल (उंची मोजायची सर्व्हेची दुर्बीण) लावून कॉलरचा आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, परत काढलाच पाहिजे, आणि तो ज्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून) काढणार तो न खणलेल्या जमिनीवर पाहिजे. भरावावरच्याच चेकपोस्टच्या पायरीवर लाल खूण करून तिलाच बेंचमार्क मानलेलं असतं, ती पायरीही खाली जातेय हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आरएल नवा निघाला की जुने आकडे पुसू नका. दोन सर्व्हेच्या मधल्या फेऱ्यांना दुरुस्ती वाटून द्या आणि वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. खोली मोजली ती खोलीच राहू द्या, दुरुस्त आरएल शेजारी, म्हणजे उद्या कोणालाही उलगडा होईल. माझ्या अंदाजाने एवढ्या एका कामानेच अर्धे भांडण मिटतात.

टेपचं थोडक्यात सांगतो. साउंडरचा, म्हणजे पाण्याला लागला की बीप देणाऱ्या टेपचा, प्रोब ओल्या पाइपच्या भिंतीला लागला तरी बीप देतो, विशेष करून पावसाळ्यात आणि थंडीत सकाळी पाइपमध्ये आतून दव धरलेलं असतं तेव्हा. दोनदा तीनदा वरखाली करून तोच आकडा आला तरच लिहा. टेप तुटून जोडलेला असेल तर जोड कुठे आणि किती कापला ते टेपच्या रीळावरच लिहून ठेवा, आणि दोन टीम दोन टेप वापरत असतील तर एकाच पिझोमीटरमध्ये दोन्ही सोडून फरक बघून घ्या. कॉलर सपाट कापलेली नसते, तिच्यावर एक खाच पाडा आणि सगळ्यांनी तिथूनच मोजायचं, बस.

जिथे लॉगर (पाण्यात सोडलेलं, दाब आपोआप नोंदवणारं यंत्र) बसवलेत तिथे अजून एक घोळ आहे. केबलमधून हवा न घेणारा लॉगर पाण्याचा आणि हवेचा दाब मिळून मोजतो, तेव्हा हवेचा वजा करायलाच लागतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंटिमीटर पाणी, आणि नागपुरात हिवाळा आणि भर पावसाळा यांच्यात हवेच्या दाबात १० ते १५ हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो. हवेचा दाब वजाच केला नाही तर काही न होता जानेवारीत पाणी १०-१५ सेंटिमीटर जास्त दिसेल आणि जुलैत कमी. एक बॅरो लॉगर (फक्त हवेचा दाब नोंदवणारा) कोणत्याही एका पिझोमीटरच्या टोपणाखाली लटकवून ठेवला की सगळ्यांचं काम होतं, पण पाणी तिथपर्यंत चढणार नाही आणि टोपणाला भोक आहे एवढं बघा.

आता लेव्हल पावसाच्या दुसऱ्याच दिवशी उडी मारते आणि त्याच फेरीत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) एकदम पडतो, अशी तक्रार असेल तर खूश होऊ नका. ते बहुतेक वेळा वरचं पाणी पाइपच्या बाहेरच्या बाजूने सरळ खाली जातंय. आपल्याकडे भरावावर वरून काळी माती पसरून त्यावर झाडं लावतात, ते चांगलंच आहे, पण ही माती मे महिन्यात हात जाईल एवढी फाटते आणि पाइपभोवती भरलेलं बेंटोनाइटचं (भिजल्यावर फुगणाऱ्या मातीचं) सीलही तिच्याबरोबर सुकून पाइपपासून सुटतं, मग जूनचे पहिले दोन-चार पाऊस सगळे त्या फटीतून आत. नंतर माती फुगते, फट बंद होते आणि ऑगस्टच्या फेरीला गेलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. पावसाळ्याच्या सॅम्पलमध्ये नायट्रेट किंवा कोलिफॉर्म जिवाणू निघाले आणि मे महिन्यात नव्हते, तर सील गेलं असं धरून चाला. मे महिन्यात जाऊन पाइपभोवती दीडेक फूट खणून बघा, सुटलेलं दिसलं तर नवीन बेंटोनाइट भरून पाणी मारून फुगू द्या, वर उताराचा ओटा करा.

पाण्याच्या क्वालिटीचे आकडे नाचतात त्याचं पहिलं कारण म्हणजे उभं पाणी. दोन फेऱ्यांमध्ये तीन महिने पाइपमध्ये जे पाणी साचून आहे ते भरावातलं पाणी राहिलेलंच नसतं. केसिंग लोखंडी असेल तर गंजाचं लोह त्यात उतरतं, हवा न लागता पडून राहिलं तर सल्फेट खाणारे जिवाणू वाढतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि सल्फेट खरं आहे त्यापेक्षा कमी निघतं. बेलर (दोरीने पाइपमध्ये सोडून पाणी काढायची नळी) टाकून वरचं एक डोल पाणी काढून बाटली भरली तर तुम्ही पाइप तपासलाय. चार इंची पाइपमध्ये एका मीटरला जवळपास ८ लिटर पाणी बसतं, म्हणजे २० मीटर पाण्याचा स्तंभ असेल तर १६० लिटरच्या आसपास, आणि असं तीनपट उपसायचं तर पावणेपाचशे लिटर झालं. हे बेलरने होत नाही, छोटा सबमर्सिबल आणि जनरेटर लागतोच, आणि त्याला खर्च मागितला की नाही म्हणतात, पण मग लॅबला दिलेले पैसेही वायाच जातात हे लिहून द्या.

उपसताना बादलीत पीएच, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) आणि तापमान दर काही मिनिटांनी बघत राहा. सुरुवातीला पाणी काळसर, वास मारणारं येतं, मग राखाडी, मग हळूहळू निवळतं, आणि मीटरवरचा आकडाही त्याच्याबरोबर सरकत जाऊन एका जागी थांबतो. लागोपाठ तीन रीडिंगमध्ये पीएच ०.१ च्या आत आणि ईसी ३ टक्क्यांच्या आत राहिली की बाटली भरायची. भरावात काही पिझोमीटर इतके कमजोर असतात की दहा मिनिटांत कोरडे पडतात, त्यांना कोरडं करून सोडून द्या आणि पाणी परत आलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सॅम्पल घ्या. ईसी मीटर २५ अंशाला दुरुस्त करून आकडा देतो का तेही एकदा बघा, कारण दर अंशाला साधारण २ टक्के फरक पडतो आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात ठेवलेली बादली कुठच्या कुठे जाते.

लोहाचा प्रश्न मात्र वेगळा बघायला पाहिजे, कारण एवढा फसवणारा घटक दुसरा नाही. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो तिथे लोह पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं आणि पाणी अगदी स्वच्छ दिसतं. तेच पाणी पांढऱ्या कॅनमध्ये भरून जीपमध्ये ठेवा, नागपूरला पोचेपर्यंत तळाशी नारिंगी गाळ धरलेला असतो आणि कॅनच्या भिंतीवरही पातळ थर, बोट फिरवलं की निघून येतो. म्हणजे हवा लागली, लोह ऑक्सिडाइज झालं, खाली बसलं, आणि त्यात पीएचही थोडा उतरला. लॅबवाल्याने वरचं निवळ पाणी घेतलं तर लोह ०.२. त्याने कॅन हलवून घेतला तर ६. आता उलटं बघा, साइटवर नायट्रिक ॲसिड टाकलं पण आधी फिल्टर केलं नाही, तर पाण्यातले मातीचे बारीक कण त्या ॲसिडमध्ये विरघळून त्यांचंही लोह पाण्याच्या खात्यावर चढतं, मग १० पण येईल. तिन्ही वेळा पाणी तेच होतं.

म्हणून साइटवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलेली आणि लगेच नायट्रिक टाकून पीएच २ च्या खाली आणलेली एक बाटली धातूंसाठी, आणि दुसरी ॲसिड न टाकलेली, काठोकाठ भरलेली, हवेचा बुडबुडा न ठेवता बंद केलेली बाटली सल्फेट, क्लोराइड, अल्कलिनिटीसाठी. दोन्ही बर्फात. पीएच लॅबमधला धरायचाच नाही, तो साइटवरचाच खरा, कारण वाटेत कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच चढतो आणि लोह बसलं की उतरतो, कोणती बाजू जिंकेल ते कॅनवर अवलंबून. रिपोर्टवर ‘विरघळलेलं लोह’ की ‘एकूण लोह’ हे छापून मागा. जुन्या फेऱ्यांमध्ये ते लिहिलेलं नसेल तर त्या लोहाच्या आकड्यांवरून ट्रेंड काढू नका, कितीही मोह झाला तरी.

रिपोर्ट हातात आला की लगेच आयन बॅलन्स करा, म्हणजे पाण्यातले धन आणि ऋण भार सारखे भरतात का ते बघा, याला पाच मिनिटं लागतात आणि तरी फार कमी लोक करतात. समजा कॅल्शियम १६०, मॅग्नेशियम ६१, सोडियम ९२ मिलिग्रॅम प्रति लिटर आलंय, प्रत्येकाला त्याच्या इक्विव्हॅलंट वजनाने भागायचं. १६० ला २० ने भागलं की ८, ६१ ला १२.२ ने की ५, ९२ ला २३ ने की ४, झाले १७ मिलिइक्विव्हॅलंट. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ३०५ ला ६१ ने भागून ५, क्लोराइड ७१ ला ३५.५ ने भागून २, आणि सल्फेट ४८० ला ४८ ने भागून १०, तेही १७. जुळलं. आता तेच सल्फेट २४० छापून आलं असतं तर दुसऱ्या बाजूला १२ च, फरक ५, दोन्हींच्या बेरजेच्या म्हणजे २९ च्या १७ टक्के. ५ टक्क्यांपर्यंत मी सोडतो, १० च्या वर गेलं की रिपोर्ट परत पाठवतो. खाणीच्या पाण्यात सल्फेट जास्त असतं त्यामुळे गढूळपणाच्या पद्धतीने मोजताना सॅम्पल पातळ करावंच लागतं, आणि किती पट पातळ केलं तो गुणाकार राहून गेला की सल्फेट असंच निम्मं नाहीतर पाव होऊन येतं. लॅबशी भांडायची गरज नाही, हा हिशोब समोर ठेवला की ते स्वतःच परत चालवून देतात.

एवढं सगळं करूनही उडी राहिली तर मग ती खरी आहे आणि तिच्याकडे पूर्ण लक्ष द्या. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी असतं, आसामच्या माकुमसारखं नाही, म्हणून इकडे खाणीचं पाणी बहुतेक वेळा आंबट न होता सल्फेट आणि हार्डनेस वाढलेलं, पीएच सातच्या आसपासचं असतं. तरी ओबीमधल्या शेलमध्ये पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) थोडंफार असतंच. खाण चालू होती, पाणी उपसलं जात होतं, तेवढी वर्षं त्याला हवा लागून त्याचे क्षार भरावात साचलेले असतात, आणि पाणी चढताना ते एकेक थर धुऊन घेत येतं. त्यामुळे लेव्हल चढतेय आणि सल्फेटही चढतंय हे पहिल्या काही वर्षांत अपेक्षितच आहे. नंतर जो भाग कायम पाण्याखाली गेला तिथे हवा पोचत नाही, नवीन क्षार बनत नाहीत आणि आकडा हळूहळू उतरायला लागतो. काळजी कधी करायची, तर लेव्हल स्थिरावून बराच काळ झाला तरी सल्फेट दर पावसाळ्यानंतर नव्याने चढत असेल तेव्हा, कारण मग वरचा जो पट्टा दर वर्षी ओला-कोरडा होतो तिथेच ते तयार होतंय आणि ते आपोआप थांबणार नाही.

लेव्हल खरंच उतरत असेल तर बाजूला बघा. शेजारची चालू खाण किती पंप चालवते, रब्बीत गव्हाला किती मोटारी लागल्या, सावनेर-काटोलकडे असाल तर आंबिया बहाराच्या संत्र्याला पाणी कधी सुरू झालं. शेवटचा जो खड्डा न भरता तळं म्हणून ठेवतात तोही उन्हाळ्यात बाष्पीभवनाने आजूबाजूच्या भरावातलं पाणी स्वतःकडे ओढत राहतो. आणि तुलना करताना तारखा जुळवा, केंद्रीय भूजल मंडळाच्या फेऱ्या मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारीच्या असतात, राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरच्या, तेव्हा एकाचा ऑक्टोबर आणि दुसऱ्याचा नोव्हेंबर शेजारी ठेवून ‘महिन्याभरात पाणी पडलं’ असं काढू नका, पाऊस गेल्यावर ते पडणारच.

आता त्या शेतकऱ्याची विहीर. तिचा आणि पिझोमीटरचा दोन्हींचा आरएल काढल्याशिवाय उत्तर देता येत नाही. समजा खाणीतलं पाणी समुद्रसपाटीपासून २६२ मीटरवर आहे आणि विहिरीचा तळ २७६ वर, तर खाणीतलं पाणी वर्षाला कितीही चढलं तरी अजून १४ मीटर ते विहिरीला ओढूनच घेणार आहे, देणार काही नाही. आणि जसजसं पाणी वर येतं तसा चढण्याचा वेग कमी होत जातो, कारण बाहेरच्या आणि आतल्या पाण्यातला फरक कमी होतो आणि खाण वरच्या बाजूला रुंद असल्याने प्रत्येक मीटरला जास्त पाणी लागतं. म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या वेगावरून सरळ रेषा ओढून ‘अमुक साली विहिरी भरतील’ असं कोणालाही सांगू नका, लोक त्यावर पेरणीचा, कर्जाचा विचार करतात. त्याला कागदावर दोन आडव्या रेषा काढून दाखवलं की तुमची विहीर इथे, खाणीचं पाणी इथे, तर त्याला पूर्ण समजतं, आणि तोच मग आपल्या विहिरीतल्या पाण्यापर्यंतची खोली दोरीने मोजून दर महिन्याला सांगायला तयार होतो. ते आकडे आपल्या रजिस्टरमध्ये घ्या.

क्वालिटीची उडी खरी निघाली आणि गावाकडच्या बाजूच्या पिझोमीटरमध्ये असेल तर पुढच्या फेरीची वाट न बघता त्या दिशेच्या हातपंपांचं सॅम्पल घ्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० च्या २०१२ च्या मानकात सल्फेट २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत, टीडीएस ५०० आणि २०००, नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे सूट नाही. या हद्दींच्या वर गेलेला हातपंप सापडला तर ग्रामपंचायतीला त्याच दिवशी लेखी कळवा, रिपोर्टची प्रत जोडून, आणि त्या पिझोमीटरची फेरी तीन महिन्यांऐवजी पंधरा दिवसांवर आणा. रजिस्टरमध्ये शेरा लिहिताना ‘वाढलं’ एवढंच न लिहिता कोणत्या टेपने मोजलं, किती उपसलं, फिल्टर केलं की नाही, कॉलरचा आरएल कधीचा, हे चार शब्द लिहून ठेवा, पुढच्या फेरीला जाणारा माणूस दुसरा असू शकतो.